पाय ज्याचा, माप त्याचं

(हिंगोलीतल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यांत शिक्षणावर बोललं जातं, रोजगारावर, वक्फवर, तलाकवर, संविधानावर बोललं जातं. ते बोललंच पाहिजे. आज मी मात्र कॅलिपरवर बोलणार आहे. पाठीच्या कण्याला मार लागून ज्याच्या पायातली ताकद गेली, त्याला उभं राहण्यासाठी पायाला बांधायचा जो सांगाडा असतो, तो कॅलिपर. तो माणसाप्रमाणे कमी-जास्त करता येईल असा कसा बनवायचा, आणि हा विषय आपल्या गल्लीचा का आहे, एवढंच सांगायचं आहे.

आधी हे बघा, की ही इजा कोणाला होते. शेळ्यांसाठी पाला तोडायला झाडावर चढलेला माणूस खाली पडतो. परांचीवरून सेंटरिंगचा मजूर पडतो. रंगारी पडतो, वायरमन पडतो, विहिरीच्या कामावरचा माणूस पडतो. रात्री दिवा नसलेल्या ट्रॅक्टरला मोटारसायकल धडकते. ही यादी ऐकून आपल्यापैकी प्रत्येकाला कोणाचा तरी चेहरा आठवला असेल. बहुतेक जण तरुण असतात, घरात कमावणारे असतात. म्हणजे एका मणक्यावर अख्खं घर उभं असतं.

पहिल्या तासाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. उंचावरून पडलेल्या माणसाला दोघांनी हातपाय धरून उचलू नका, रिक्षात दुमडून बसवू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत राहील असं त्याला फळीवर किंवा दरवाज्याच्या पल्ल्यावर सरकवा, मान दोन्ही बाजूंनी धरा आणि १०८ ला फोन करा. मोडलेला मणका आतल्या मज्जारज्जूला किती कापेल, हे काही वेळा उचलणाऱ्याच्या हातात असतं.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून शरीराकडे जाणारी तारांची जाड दोरी. मानेत तुटली तर हात-पाय दोन्ही जातात. पाठीत तुटली तर हात राहतात, पाय जातात. कमरेच्या खालच्या भागात इजा झाली, तर मांडीची ताकद काही प्रमाणात टिकू शकते, आणि मग फक्त घोट्याला आधार पुरतो. लघवी, शौच, लैंगिक जीवन, त्वचेची संवेदना या सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणून ‘याला चालवा’ एवढी मागणी घेऊन आलेल्या नातेवाइकांना आधी हे समजावून सांगावं लागतं, की चालणं हा पुनर्वसनाचा एक भाग आहे. लघवीचं व्यवस्थापन आणि पाठीवर जखम न होऊ देणं हे त्याच्याही आधी येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असे बहुतेक रुग्ण मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि बेडसोरने दगावत. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिलला या रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा केला. दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्रमार्ग स्वच्छ ठेवणं आणि माणसाला कामाला, खेळाला लावणं, ही त्यांची पद्धत. पॅरालिम्पिक त्यातूनच जन्माला आलं.

आता कॅलिपरकडे येऊ. लांब कॅलिपर मांडीपासून तळपायापर्यंत जातो. दोन्ही बाजूंना पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला कवच, गुडघ्यावर कुलूप, खाली बूट किंवा तळपट्टी. तो पायाला तीन ठिकाणी दाबतो: गुडघ्याच्या आसपास पुढून मागे, आणि वर-खाली मागून पुढे. या तीन दाबांमुळे गुडघा मुडपत नाही. पण कंबर कोण धरणार? इथे शरीराचीच युक्ती वापरतात. कमरेच्या सांध्यापुढे एक मजबूत अस्थिबंध असतो. माणूस छाती वर करून कंबर थोडी पुढे ढकलून उभा राहिला, की धडाचा भार सांध्याच्या मागून जातो, तो अस्थिबंध ताणला जातो आणि कंबर स्नायूंशिवाय अडकून राहते. त्यासाठी घोटा थोडा पुढे झुकलेल्या कोनात, साधारण पाच ते दहा अंशांवर पक्का धरावा लागतो. अमेरिकेत डेन्व्हरच्या क्रेग रुग्णालयात हेच तत्त्व धरून कमीत कमी पट्ट्यांचा कॅलिपर बनवला गेला. जुन्या कॅलिपरवरचे अनावश्यक पट्टे त्यांनी काढून टाकले. प्रत्येक पट्टा म्हणजे वजन, आणि पट्टा लावायला लागणारा वेळ.

आता प्रश्न असा, की कॅलिपर कमी-जास्त करता येणारा का हवा?

समजा, कळमनुरीजवळच्या एखाद्या खेड्यातल्या तरुणाचं इजेनंतर दोन महिन्यांनी माप घेतलं. सहा महिन्यांनी त्याची मांडी वाळलेली असते, कवच सैल होतं. दिवसभर व्हीलचेअरमध्ये बसून संध्याकाळी पाय सुजतात, मग तेच कवच आवळतं. कोणाच्या पायात ताठरपणा वाढतो, कोणाची टाच आखडते. लहान मूल असेल तर हाड वाढतं. पाय बदलत राहतो आणि कॅलिपर तसाच राहतो. दुरुस्तीसाठी नांदेड, संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठायचं तर गाडीभाडं, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, बसमध्ये चढवण्याची फरफट. एकदा जातात, दुसऱ्यांदा जात नाहीत. कॅलिपर खाटेखाली जातो आणि घरचे म्हणतात, नशिबातच नव्हतं. नशिबाचा इथे काही संबंध नाही. दोन सेंटिमीटरचा फरक होता, आणि तो पाना घेऊन गावातच दुरुस्त करता आला असता.

म्हणून अशा कॅलिपरमध्ये चार गोष्टी बदलता आल्या पाहिजेत.

पहिली, लांबी. बाजूची पट्टी दोन तुकड्यांत करायची, एकावर एक सरकणारी, एकेक सेंटिमीटरवर भोकं, प्रत्येक जोडाला दोन स्क्रू, आणि हादऱ्याने सैल न होणारा नायलॉनचा नट. भोकांना आकडे कोरायचे, म्हणजे डावा-उजवा सारखा राहील. पण लक्षात ठेवा, प्रत्येक भोक पट्टीला कमजोर करतं. गुडघ्याच्या सांध्याजवळ ताण सर्वांत जास्त असतो, तिथे भोक नको. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण पुन्हा पुन्हा वाकलं की भोकापाशी बारीक चीर पडते. ती चीर दर आठवड्याला बघायला रुग्णाला शिकवायचं.

दुसरी, घेर. मांडीचं आणि पोटरीचं कवच पुढून उघडं ठेवून वेल्क्रोच्या रुंद पट्ट्यांनी बांधायचं, आत जाड-पातळ अस्तर बदलता येईल असं ठेवायचं. अरुंद पट्टा आवळला की दाब एका रेषेत येतो. रुंद पट्टा तोच दाब पसरवतो.

तिसरी, घोट्याचा कोन. तो एका स्क्रूने एक-दोन अंश पुढे-मागे करता आला पाहिजे. यावर मी पुन्हा येतो.

चौथी, गुडघ्याचं कुलूप. साधं कुलूप म्हणजे सांध्यावर सरकणारी कडी. पाय सरळ झाला की ती आपोआप खाली पडते आणि बसताना वर ओढावी लागते. दोन्ही पायांना आत-बाहेर मिळून चार कड्या, आणि हात कुबड्यांत अडकलेले. मागच्या बाजूला दांडी असलेलं कुलूप खुर्चीच्या कडेला टेकलं की सुटतं. सोपं वाटतं, पण बसस्टँडवर कोणाचा धक्का लागला तर तेही सुटतं. म्हणून कुठलं कुलूप हवं हे वापरणाऱ्याला विचारून ठरवायचं.

जितकं बदलता येण्यासारखं, तितकंच न बदलण्यासारखंही आहे. कॅलिपरचा सांधा शरीराच्या सांध्याच्या जागीच हवा. गुडघ्याचा सांधा वर-खाली झाला, तर बसताना कवच मांडीवर घासतं. घोट्याचा सांधा आतल्या घोट्याच्या हाडाच्या टोकाशी जुळला पाहिजे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस जाते, तिथे दाब नको. मांडीच्या आतल्या बाजूला वरची कड जांघेत रुतता कामा नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या माणसाच्या पायाला दुखत नाही. आपला बूट चावला तर आपण काढून टाकतो. त्याच्या पायात खडा राहिला, सलवारीची शिवण दुमडली, खिशातली किल्ली कवचाखाली गेली, तरी त्याला कळत नाही. संध्याकाळी लाल डाग दिसतो, आठवड्यात जखम होते आणि ती भरायला महिने जातात. म्हणून नवा कॅलिपर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटंच घालायचा, काढून आरशात त्वचा बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर कॅलिपर चुकला आहे, माणूस नाही. बदल केला की पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरुवात. आत बिनशिवणीचा सुती मोजा, कडांना गोलाई, रिव्हेटचं डोकं आतून सपाट. ज्याला दुखत नाही त्याच्यासाठी वस्तू बनवणाऱ्याने त्याच्या वाटचं दुखणं आधीच ओळखायचं असतं.

इथे दोन माणसांच्या गोष्टी सांगतो.

एक, डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम. आपल्या घरांत त्यांचा फोटो असतो, क्षेपणास्त्रांसह. पण स्वतः कलाम साहेब अभिमानाने जी गोष्ट सांगत ती वेगळी होती. हैदराबादला संरक्षण प्रयोगशाळेत ते असताना निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचे एक अस्थिरोगतज्ज्ञ तिथे आले. क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं हलकं द्रव्य त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि कलामांना ते आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथे लहान मुलं-मुली तीन किलोहून जड लोखंडी कॅलिपर ओढत चालत होती. कलामांच्या सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांत सुमारे ३०० ग्रॅमचा कॅलिपर बनवला. वजन दहाव्या हिश्श्यावर आलं. मला यात द्रव्यापेक्षा तो डॉक्टर महत्त्वाचा वाटतो, ज्याने शास्त्रज्ञाला मुलांपुढे नेऊन उभं केलं. आपलाही भाग निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादला आपण उपचाराला जातो, लग्नाच्या खरेदीला जातो. तिथे शिकायलाही जाता येतं.

पण एक फरक ध्यानात ठेवा. पोलिओ झालेल्या मुलाच्या पायाला संवेदना असते. पाठीला मार लागलेल्याला ती नसू शकते. म्हणून पोलिओचा कॅलिपर जसाच्या तसा इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट जयपूरची. रामचंद्र शर्मा हे फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यचिकित्सक. दोघांनी मिळून जयपूर फूट बनवला. टायर वल्कनाइज करण्याचं बाजारातलं तंत्र त्यांनी पायाला लावलं. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी बनलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेताच्या चिखलात उतरतो. त्यांनी हे आधी पाहिलं आणि मग पाय बनवला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघांची नावं एका दमात घ्यायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता घोट्याच्या कोनाकडे परत येतो. कॅलिपर बुटासकट जुळवला जातो. बुटाची टाच दोन सेंटिमीटर उंच असेल, तर त्या उंचीसकट माणसाचा तोल ठरतो. पण आपण घरात बूट घालत नाही. मशिदीत तर नाहीच. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि कंबरेच्या अस्थिबंधावर तोलून उभा असलेला माणूस मागे पडू शकतो. म्हणजे रस्त्यावर उभा राहणारा माणूस नमाजच्या सफमध्ये पडेल, आणि लोक म्हणतील याला जमत नाही. उपाय साधा आहे. तळपट्टी कॅलिपरचाच भाग करायची, तिला पक्की टाच द्यायची, किंवा घरासाठी त्याच उंचीची स्वच्छ वेगळी चप्पल ठेवायची. पण हा प्रश्न सुचायला आपल्या घरांत राहिलेला माणूस लागतो.

तसंच मुलींचं आहे. मांडीचं माप घ्यायला पुरुष तंत्रज्ञ असेल तर आई मुलीला परत घेऊन जाते, किंवा माप कपड्यांवरून अर्धवट घेतलं जातं. मुलीचा कॅलिपर सैल सलवारीच्या आत बसावा असा सपाट हवा. धातूची बोजड जोडणी असेल तर ती वापरणार नाही. कारण तिला आधीच ‘बिचारी’ म्हणून बघितलं जातं. नवऱ्याला इजा झाली तर बायको आयुष्यभर सेवा करते. बायकोला झाली तर तिला माहेरी धाडल्याचं आपण पाहिलं आहे. तलाकवर बोलताना या बहिणींची बाजूही मांडली पाहिजे. आणि या कामात मुली हव्यात. मुलींनो, हे तुम्हालाच सांगतोय.

काम कोण करणार? आपल्या वस्तीत वेल्डर आहेत, गॅरेजवाले आहेत, सीट कव्हर शिवणारे आहेत, पत्र्याचं काम करणारे आहेत, टेलर आहेत, गादीवाले आहेत. कॅलिपरमध्ये याच हातांचं काम असतं: धातू वाकवणं, रिव्हेट मारणं, प्लॅस्टिक तापवून घडवणं, अस्तर शिवणं. पण म्हणून उद्या कोणी दुकानात कॅलिपर बनवायला बसू नका. कोणत्या रुग्णाला काय द्यायचं, कुठे दाब द्यायचा, हे शिकलेल्या ऑर्थोटिस्टचं काम आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बारावी सायन्सनंतर प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी घेता येते. मुंबईला हाजी अली दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. १९५५ पासूनची सरकारी संस्था. तिथे उपचार होतात, अवयव बनतात आणि हा अभ्यासक्रमही शिकवला जातो. दर्ग्यावर चादर चढवायला गेलात, तर परतताना त्या फाटकातही डोकावून या.

डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांत आपल्या मुलांची स्वप्नं अडकली आहेत. त्या दोघांच्या मधे एक माणूस बसतो, हातात मोजपट्टी घेऊन. मेकॅनिकचा मुलगा आणि टेलरची मुलगी या कामात इतरांपेक्षा एक पाऊल पुढेच असतील, कारण हाताला शहाणपण घरातच मिळालेलं आहे.

आता एक इशारा. चालणं म्हणजेच माणूसपण, असं समजू नका. दोन्ही पायांना लांब कॅलिपर घालून कुबड्यांवर चालायला खूप ताकद लागते, खांदे झिजतात. अनेक जण व्यायामासाठी उभे राहतात आणि कामावर व्हीलचेअरने जातात. हा त्यांचा पराभव नाही. सांगलीच्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे व्हीलचेअरवरची माणसं वर्षानुवर्षं काम करतात, खेळतात. आयआयटी मद्रासने २०१९ साली माणसाला उभं करणारी व्हीलचेअर आणली. साधनं अनेक आहेत. निवड त्या माणसाची असली पाहिजे.

पण व्हीलचेअर असली तरी ती मशिदीच्या पायरीशी थांबते. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, निकाहच्या हॉलच्या पायरीशी थांबते. मजहब सांगतो, उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढा, बसता येत नसेल तर पडून. सवलत मजहबने दिली, रॅम्प आपण दिलेला नाही. वुजूखान्यात एक उंच बाक, एक नळ, एक धरायची दांडी, याला किती खर्च येतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणं हा हक्क मानला आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या आहेत. केंद्राच्या योजनेतून साधनं मिळतात. त्यासाठी दिव्यांग ओळखपत्र, यूडीआयडी, काढावं लागतं. गावात कोणाचं राहिलं असेल तर मोबाईल हातात असलेल्या तुमच्यापैकी कोणीतरी अर्ज भरून द्या.

आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हा नामदेवांच्या नरसीचा जिल्हा, हळदीच्या बाजाराचा जिल्हा. ९ ऑक्टोबर २०२४ ला इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका फरक मोजणारं यंत्र आपल्या माळावर येतंय. त्याचा मला आनंद आहे. त्याच जिल्ह्यात एका पोराच्या मांडीचं माप दोन वर्षं कोणी घेतलेलं नसावं, हे मात्र मला सहन होत नाही.

म्हणून तीन कामं सांगतो आणि थांबतो. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या गावात पाठीच्या इजेने घरी बसलेली माणसं कोण आहेत, याची यादी करा. जात-धर्म न बघता करा. वैद्यकीय महाविद्यालयात पुनर्वसन विभाग आणि ऑर्थोटिस्टचं पद मागा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी निवेदन देऊन मागा. आणि झकात-सदक्यातून, उलेमांना विचारून, दुरुस्तीच्या फेऱ्यांसाठी गाडीभाड्याचा एक लहानसा फंड ठेवा. कॅलिपर एकदा मिळतो. तो अंगाला बसता ठेवायचं काम मात्र कधी संपत नाही. खाटेखालचे कॅलिपर बाहेर काढू या.